मुलांच्या मूलभूत हालचाली: प्रकार तीन, पण शिकवायचं काय आणि कसं?

प्रश्न थोडक्यात असा: पहिली-दुसरीची ४० मुलं, ३५ मिनिटांची तासिका, लहानसं मैदान आणि साहित्य जवळजवळ शून्य. मूलभूत हालचालींचे प्रकार नेमके कोणते? आणि मुलं धावतात खरी, पण लंगडी, फेक, झेल यांतलं काहीच धड जमत नाही, तर ते शिकवायचं कसं?

आधी प्रकार, कारण ते लवकर आटोपतात. पहिला प्रकार जागा बदलणाऱ्या हालचालींचा: चालणं, धावणं, दोन पायांवरची उडी, लंगडी, घोड्याची चाल, बाजूला सरकत जाणं, झेप, रांगणं, चढणं. दुसरा जागेवरच्या हालचालींचा: वाकणं, ताणणं, पिळणं, वळणं, झुलणं, ढकलणं, ओढणं आणि या सगळ्यांच्या मुळाशी असलेला तोल. तिसरा साहित्य हाताळण्याचा: फेकणं, झेलणं, लाथाडणं, टप्पे देणं, फटका मारणं, घरंगळत सोडणं. पुस्तकांत यांना स्थानांतरित, अस्थानांतरित आणि हाताळणीच्या हालचाली अशी नावं दिसतील. काही ठिकाणी दुसऱ्या गटाला सरळ ‘तोलाच्या हालचाली’ म्हणतात. नावांवरून वाद घालण्यात अर्थ नाही. टाचणात कोणतंही लिहा, पण तिन्ही गटांतलं काही ना काही दर आठवड्याला झालं पाहिजे. शाळांमध्ये सहसा होतं असं, की पहिल्या गटातलं फक्त धावणं होतं, दुसऱ्यातली फक्त कवायत होते आणि तिसरा गट चौथी-पाचवीत क्रिकेटची बॅट हातात येईपर्यंत उघडतच नाही.

‘मुलं मोठी होतील तशी शिकतील’ हा समज सोडायला हवा. चालणं आणि साधं धावणं वाढीबरोबर येतं. परिपक्व फेक, दोन्ही पायांवरची लंगडी आणि नुसत्या हातांनी घेतलेला झेल मात्र दाखवल्याशिवाय, सरावाशिवाय आणि चूक सांगितल्याशिवाय बहुतेकांना येत नाही. म्हणून तर मोठी माणसंही ज्या हाताने फेकतात त्याच बाजूचा पाय पुढे टाकताना दिसतात. त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या वयात हालचालीचं रूप आधी, वेग आणि अंतर नंतर. लंगडीची शर्यत लावली की मूल पाय टेकवतं, कमरेतून पुढे पडतं, हाताने पाय धरतं. बेडूकउडीची शर्यत लावली की उडी संपून धडपड उरते. मूल आळशी नसतं. त्याच्यासमोर ‘लवकर पोच’ एवढंच ध्येय ठेवलेलं असतं आणि ते प्रामाणिकपणे तेच करतं. शर्यतीत मुलांना आनंद होतो हे खरं, म्हणून शर्यत जरूर ठेवा, पण जी हालचाल अंगवळणी पडली आहे तिचीच. नवी हालचाल शिकवताना घड्याळ आणि पहिला नंबर दोन्ही बाजूला ठेवा.

आता एकेक हालचाल. चालण्यावर फार वेळ घालवायला नको. टाचांवर, चवड्यांवर, उलट्या दिशेने, आखलेल्या रेषेवरून असं चालवलं की पूर्वतयारीही होते आणि तोलही दिसतो. धावण्यात तीन गोष्टी पाहा: कोपरं साधारण काटकोनात आहेत का, हात पुढे-मागे जातात की छातीवरून आडवे, आणि पाऊल थपथप आपटतं का. आडव्या हातांमुळे धड डावी-उजवीकडे पिळलं जातं आणि पावलं सरळ रेषेत पडत नाहीत. यावर ‘हात नीट हलव’ म्हणून काही होत नाही. ‘कोपर मागे’ एवढे दोनच शब्द सांगा, हात आपोआप सरळ होतो. अंतिम रेषेशी मुलं करकचून थांबतात किंवा भिंतीवर जाऊन आदळतात. त्यासाठी रेषेच्या ३ मीटर पुढे दोन बाटल्या ठेवा आणि ‘बाटल्यांमधून पार व्हायचं’ असं सांगा. भिंत हे धावण्याचं लक्ष्य कधीही नको. मनगट मोडण्याचे आणि दात पडण्याचे प्रसंग तिथेच येतात.

दोन पायांवरची उडी शिकवताना सुरुवात शेवटापासून करा, म्हणजे जमिनीवर उतरण्यापासून. उंबऱ्याएवढ्या किंवा फार तर २० सेंटिमीटरच्या पायरीवरून खाली उडी: गुडघे वाकलेले, दोन्ही पाय एकदम, आवाज न करता. ‘मांजरासारखं उतर’ हे मुलांना लगेच कळतं. धप्प असा आवाज आला म्हणजे गुडघे ताठ होते, म्हणजे धक्का थेट गुडघ्यांत आणि पाठीत गेला. हे बसलं की मग लांब उडी: गुडघे वाकवून हात मागे, मग हात जोरात पुढे-वर आणि त्याच क्षणी जमीन ढकलायची. मुलांची उडी तोकडी पडते ती बहुतेक वेळा पायात ताकद नसते म्हणून नव्हे, तर हात कामालाच येत नाहीत म्हणून. हात मागे नेऊन जोराने पुढे आणायला लावा, त्याच तासिकेत फरक दिसतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे एक पाय आधी उचलणं. दोन घोट्यांच्या मध्ये रुमाल धरायला लावा, पाय वेगळे झाले तर तो पडतो आणि मुलालाच आपली चूक कळते.

लंगडीवर जरा थांबू, कारण आपल्याकडे हा अस्सल मातीतला खेळ आहे आणि तरीही तिचं रूप सहसा चुकीचं शिकलं जातं. मोकळा पाय हाताने मागे धरून ठेवायचा, किंवा गुडघ्यात घट्ट दुमडून अडकवून ठेवायचा, ही मुलांची सवय. पण लंगडीत मोकळा पाय आराम करत नाही. तो झोक्यासारखा मागून पुढे येतो आणि प्रत्येक उडीला जोर देतो. त्याचं पाऊल मागच्या बाजूलाच राहतं, टेकलेल्या पायाच्या पुढे येत नाही. दोन्ही हात कोपरात वाकवून पुढे झुलतात. पाय धरून ठेवला की हा झोकाच बंद होतो, सगळा भार एका पोटरीवर येतो आणि पाच-सहा उड्यांत मूल दमतं. मग आपण म्हणतो, दम कमी आहे.

क्रम असा ठेवा. आधी एका पायावर ५ सेकंद उभं राहणं, नजर समोर एका ठिकाणी. मग जोडीदाराचा हात किंवा भिंत धरून जागच्या जागी ३ उड्या, चवड्यावर उतरून. मग आधार सोडून ३. मग पुढे जात ३ आणि थांब. ही ‘३ आणि थांब’ची पायरी गाळू नका. थांबता येणं हाच ताबा असल्याची खूण आहे. त्यानंतर ४, ५ असं वाढवत न्या. सहा-सात वर्षांच्या मुलाला आवडत्या पायावर सलग आठ-दहा उड्या जमायला हव्यात. नावडत्या पायावर कमी होतील, पण तो पायही पहिल्या दिवसापासून वापरायचा. लंगडीच्या खेळात डाव चालू असताना पाय बदलला की बाद, म्हणून मुलं कायम एकाच पायावर खेळतात. वर्गात खेळ घेताना ‘हा डाव डाव्या पायाचा, पुढचा उजव्या’ असा नियम करा. ठिकरीचेही असेच दोन डाव घ्या.

लंगडी दोन्ही पायांवर आली की पाऊल-लंगडी शिकवता येते: एक पाऊल, त्याच पायावर छोटी लंगडी, मग दुसरं पाऊल, त्या पायावर लंगडी. हिला इंग्रजी शाळांत स्किपिंग म्हणतात, पण आपल्याकडे हा शब्द उच्चारला की दोरीच डोळ्यांसमोर येते, म्हणून ‘पाऊल-लंगडी’ म्हणणं बरं. ताल ‘एक-आणि, दोन-आणि’ असा तोंडाने म्हणा किंवा डफावर वाजवा. सगळ्या चालींमध्ये ही उशिरा येते. पाच ते सात या वयात येईल, घाई नको. बऱ्याच मुलांचं अर्धंच जमतं: एका पायावर पाऊल-लंगडी होते, दुसऱ्यावर नुसतं पाऊल पडतं. इथे ताल पुन्हापुन्हा शिकवून काही साधत नाही. त्या दुसऱ्या पायाची लंगडीच कच्ची आहे, तिथे परत जा.

घोड्याची चाल सोपी, कारण तिच्यात एकच पाय कायम पुढे असतो आणि मागचा त्याला येऊन मिळतो, ओलांडून जात नाही. चार वर्षांच्या मुलालाही बहुधा येते. फक्त पुढचा पाय बदलून घ्यायला विसरू नका. बाजूला सरकत जाणं हे तेच, पण आडवं: खांदे ज्या दिशेने जायचं त्या रेषेला समांतर, एक पाऊल बाजूला, दुसरं त्याला मिळतं, मध्ये क्षणभर दोन्ही पाय हवेत. आट्यापाट्यांत पाटी धरणारा हेच करतो, कबड्डीत साखळी धरून सरकणारे हेच करतात. चूक नेहमीची: दोन पावलांनंतर मूल जाण्याच्या दिशेला वळतं आणि सरळ धावू लागतं. जोडी समोरासमोर उभी करून हात धरायला लावा. हात धरले की वळताच येत नाही.

जागेवरच्या हालचालींना वेळकाढू समजू नका. फेकीचा जोर धडाच्या पिळातून येतो, उडीचं उतरणं गुडघे वाकण्यातून येतं, झेल हात पुढे ताणण्यातून. मुलांना पिळणं आणि वळणं यांतला फरक करून दाखवा: पिळताना पाय जमिनीला चिकटलेले, फक्त धड आणि खांदे फिरतात. वळताना अख्खं शरीर दिशा बदलतं. ‘पाय झाडाची मुळं’ म्हटलं की पुरे. ढकलणं-ओढणं जोडीत घ्या: तळहाताला तळहात लावून, किंवा जाड दोरीने, पण मनगटाला दोरी गुंडाळू देऊ नका. पावसाळ्यात मैदान चिखलाचं झालं की व्हरांड्यात हाच गट पूर्ण करता येतो.

काही गोष्टी मात्र बंदच करा. मान पूर्ण गोल फिरवणं, गुडघे ताठ ठेवून हिसक्याने पायाचे अंगठे धरणं, आणि गादीशिवाय कोलांटउडी. कोलांटउडीत मुलं डोकं टेकवून त्यावर भार देतात आणि सगळा दाब मानेवर येतो. पहिली-दुसरीत तिच्याऐवजी ओंडक्यासारखं आडवं लोळणं घ्या: हात डोक्याच्या वर लांब, पाय जुळलेले, सतरंजीवर. लोळताना ओंडका वाकडा झाला तर समजा की खांदे आणि कंबर एकत्र फिरत नाहीत.

तोलासाठी ३ मीटरची रेषा पुरते. आधी नुसतं रेषेवरून चालणं, मग टाचेला चवडा लावून, मग हातात काहीतरी घेऊन, मग मध्ये थांबून एका पायावर. मुलं पावलांकडे बघत चालतात, त्यामुळे डोकं खाली जातं आणि तोल आणखी बिघडतो. रेषेच्या टोकाशी एखादं मूल उभं करा आणि त्याने दाखवलेली बोटं मोजत यायला सांगा. फळी वापरायची असेल तर जमिनीवरच टेकलेली, साधारण १० सेंटिमीटर रुंद. विटांवर ठेवलेली डगमगती फळी नको.

खेलो इंडियाच्या शारीरिक क्षमता चाचण्यांत ५ ते ८ वर्षांच्या, म्हणजे पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी उंची-वजनाबरोबर फ्लेमिंगो तोल आणि प्लेट टॅपिंग या दोन चाचण्या आहेत, त्यामुळे तोलाचा विषय कागदोपत्रीही लागतो. फ्लेमिंगोत एका पायावर उभं राहायचं असतं आणि एका मिनिटात तोल किती वेळा गेला ते मोजतात, म्हणजे आकडा कमी तितका चांगला. उभं राहिल्याचे सेकंद लिहिले की नोंदच उलटी होते. प्लेट टॅपिंगमध्ये टेबलावरच्या दोन चकत्यांना एकाच हाताने आळीपाळीने स्पर्श करायचा असतो, अशा २५ फेऱ्यांना लागलेला वेळ मोजतात. दोन्ही चाचण्या उपयोगी आहेत, पण मूल कसं फेकतं, कसं उतरतं हे त्यांतून कळत नाही. ते डोळ्यांनीच पाहावं लागतं.

आता फेक. सगळ्यात जास्त चुका इथे, आणि सगळ्यात लवकर सुधारणाही इथेच. नेहमीचं दृश्य: मूल लक्ष्याकडे छाती करून उभं, हात कानापाशी, आणि कोपरातून चेंडू ढकललेला. पाय हललेच नाहीत, किंवा हलला तर हाताच्याच बाजूचा. याचं मोठं कारण आपणच देतो. लक्ष्य दोन मीटरवर ठेवून ‘नेम धर’ म्हणतो. एवढ्या जवळ नेम धरायला अंग वळवायची गरजच नसते, मग ते का वळेल? म्हणून आधी नेम सोडा. ५-६ मीटरवर भिंत, आणि ‘जितक्या जोरात जमेल तितक्या जोरात’. भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज हीच शाबासकी. जोर लावायचा म्हटलं की अंग आपोआप आडवं होऊ लागतं. नेम नंतर, रूप बसल्यावर.

उजव्या हाताच्या मुलासाठी क्रम असा: डावा खांदा भिंतीकडे, चेंडू खालून मागे नेऊन वर, डावा पाय पुढे, फेक, आणि हात शरीराच्या पलीकडे डाव्या मांडीकडे. मुलांना सांगताना तीन शब्द पुरेत: ‘खांदा, पाय, फेक’. पायाची चूक जात नसेल तर खडूने दोन पावलं आखा आणि पुढच्या पावलाच्या जागी एक सपाट रबराचा तुकडा किंवा रंगीत फरशी ठेवा: ‘यावर पाय पडल्याशिवाय चेंडू सुटत नाही’. डावखुऱ्या मुलांसाठी सगळं उलटं. त्यांना उजव्या हाताने फेकायला लावू नका, आणि तुम्ही दाखवताना त्यांच्याकडे पाठ करून उभे राहा, नाहीतर समोरून पाहताना मुलांचं डावं-उजवं गोंधळतं. लगोरी घ्यायची तर ही पायरी झाल्यावर. लगोरीतला नेम आधी आला की मुलं पुन्हा ढकलू लागतात.

इथे एक गोष्ट आवर्जून. मुली फेकीत मागे दिसतात, कारण त्यांच्या हातात चेंडू कमी येतो, गल्लीतही आणि शाळेतही. ‘एक चेंडू, दोन गट’ असा खेळ ठेवला की चेंडू पुन्हा त्याच चार-पाच मुलांकडे फिरतो. प्रत्येकाला आपला चेंडू, हाच त्यावर उपाय.

झेल जमत नाही याचं पहिलं कारण भीती. मूल डोळे मिटतं, तोंड फिरवतं, चेंडू छातीशी कवटाळतं. कारण आधी कधीतरी कडक चेंडू नाकावर बसलेला असतो. अशा वेळी ‘घाबरू नकोस’ म्हणू नका, चेंडू बदला. ओढणीचा तुकडा वर टाकून पकडणं, मग फुगा, मग २०-२५ सेंटिमीटर व्यासाचा हलका, मऊ चेंडू, आणि शेवटी टेनिस चेंडू. आधी स्वतः जमिनीवर आपटून एका टप्प्यावर झेलायचा, मग जोडीदाराने टप्पा देऊन, मग थेट हवेतून, हाताखालून फेकलेला. हात आधीपासून पुढे, कोपरं किंचित वाकलेली, चेंडू येताच हात पोटाकडे आणत त्याचा वेग जिरवायचा. चेंडू कमरेच्या वर असेल तर अंगठे एकमेकांजवळ, खाली असेल तर करंगळ्या एकमेकांजवळ. हा नियम मुलांना कोड्यासारखा आवडतो. फुगा फुटला तर तुकडे लगेच वेचून घ्या. लहान मुलं ते तोंडात घालतात आणि घशात अडकतात.

लाथाडण्यात टेकलेल्या पायाची जागा पाहा: तो चेंडूच्या शेजारी हवा, मागे नको. मागे राहिला की चेंडूला बोटांचं टोक लागतं आणि तो भलतीकडे उडतो. पावलाच्या आतल्या बाजूने किंवा बुटाची नाडी असते त्या वरच्या भागाने मारायचं. टप्पे देताना थापड नको, बोटांच्या टोकांनी ढकलणं हवं, कमरेच्या उंचीवर. फटक्यासाठी विटी-दांडू या वयात नको, विटीचा नेम नसतो. सहा-सात पानी वर्तमानपत्रांची घट्ट गुंडाळी करून चिकटपट्टी लावली की सुरक्षित बॅट होते. टांगलेला मोज्याचा चेंडू तिच्याने मारायचा. चेंडू स्थिर असताना जमलं की मग हलता.

आता ४० मुलांचा प्रश्न. खरा शत्रू रांग आहे. हिशोब करून पाहा: दोन रांगा, प्रत्येकीत २० मुलं, एका मुलाला १० सेकंद. म्हणजे दर २०० सेकंदांनी एक वेळ येते. २० मिनिटांत सहा वेळा, म्हणजे एकूण एक मिनिट हालचाल आणि एकोणीस मिनिटं मागच्याला ढकलणं. हीच मुलं चार-चारच्या दहा गटांत वाटली तर दर ४० सेकंदांनी वेळ येते: २० मिनिटांत तीस वेळा, म्हणजे पाच मिनिटं. आणि सगळी एकदम, विखरून, आपापल्या जागेत हालली तर जवळजवळ पूर्ण वेळ. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सुचवते. रांगेत उभं राहून त्यात काहीच भर पडत नाही.

विखरून काम करायचं तर पहिल्या दोन-तीन तासिका थांबायला शिकवण्यात घालवा. हात पसरून स्वतःभोवती फिरा, कोणाला लागलं नाही तर ती तुमची जागा. डफ वाजतो तोवर चालायचं, थांबला की ३ सेकंदांत पुतळा. नंतर डफ थांबल्यावर कान तुमच्याकडे. ही सवय लागली की पुढचं वर्षभर शिट्टी फुंकत आणि ओरडत बसावं लागत नाही.

साहित्य तुम्ही आणि मुलं मिळून एका आठवड्यात करू शकता. जुन्या मोज्यांत चिंध्या कोंबून शिवलेले ४० चेंडू, सायकलचे जुने टायर, पाव भाग वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, सुतळी, खडू, जुन्या ओढण्यांचे तुकडे. मोज्याचा चेंडू लांब घरंगळत नाही, त्यामुळे मुलं तो आणायला धावण्यात वेळ घालवत नाहीत, हा त्याचा विकतच्या चेंडूपेक्षा मोठा फायदा. टप्पे द्यायला मात्र रबरी चेंडू लागतात. असे सात-आठ असले तरी गटागटाने फिरवता येतात.

लंगडीची एक तासिका अशी बसते. पहिली ५ मिनिटं विखरून चालणं आणि घोड्याची चाल, डफाच्या तालावर, थांबण्यासह. पुढची ४ मिनिटं आपल्या जागेत: एका पायावर तोल, पिळणं, ताणणं. मग १० मिनिटं जोडीत लंगडी, हात धरून, मग सोडून, दोन्ही पाय. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, आज ‘मोकळा पाय झोक्यासारखा’, उद्या ‘चवड्यावर हळू’. एका मुलाला एकदम चार सूचना दिल्या की तो एकही पाळत नाही. नंतरची १० मिनिटं लहान लहान चौकोनांत दहा-दहा जणांचा लंगडीचा खेळ, बाद झालेला बाहेर बसणार नाही, पाच उड्या मारून परत आत येईल. बाद झाला तो बाहेर, या नियमाने ज्याला सरावाची सर्वात जास्त गरज असते तोच सर्वात आधी बसतो. शेवटची मिनिटं श्वास शांत करायला, पाणी आणि साहित्य गोळा करायला.

त्याच हालचालीला कंटाळवाणी होऊ न देण्याची एक जुनी, चांगली रीत आहे. हालचालींचा अभ्यासक रुडॉल्फ लाबान (१८७९ ते १९५८) याच्या विचारातून ती शाळांमध्ये आली. हालचालीला चार प्रश्न विचारायचे: शरीराचा कोणता भाग, जागेत कुठे, कसल्या जोराने, आणि कोणाशी वा कशाशी नातं ठेवून. धावणंच घ्या. सरळ, नागमोडी, उंच, वाकून, हळू, अचानक थांबत, जोडीदाराच्या सावलीसारखं मागे, जोडीदाराच्या आरशासारखं समोर. एकाच हालचालीच्या दहा तासिका होतात आणि मुलांना दर वेळी नवं वाटतं. लेझीमही याच कारणासाठी उपयोगी आहे: तालावर वाकणं, पाऊल आणि हात हे तिन्ही एकत्र येतात. दुसरीत हलक्या लेझमा किंवा नुसत्या टाळ्यांनी सुरू करता येतं.

पाय मोकळे असलेले बरे. स्लिपर घालून धावणं सगळ्यात वाईट, पाऊल घसरतं आणि बोटं स्लिपर पकडून ठेवण्यात आखडतात. बूट नसतील तर मातीच्या मैदानावर अनवाणी, पण रोज आधी चक्कर मारून काचा, खडे, बाभळीचे काटे वेचून. सिमेंटवर उड्या घेऊ नका. मार्च ते जूनमध्ये ही तासिका सकाळच्या पहिल्या भागात बसवा, दुपारी नाही. आणि एक विनंती: उठाबशा आणि बेडूकउड्या शिक्षा म्हणून देऊ नका. तास सुरू झाला की तीच हालचाल आनंदाने करायची अपेक्षा आपण मुलांकडून ठेवतो.

नोंद ठेवायला मीटर किंवा सेकंद नकोत. प्रत्येक हालचालीच्या तीन-चार खुणा ठरवा. फेकीच्या अशा: खांदा वळला का, विरुद्ध पाय पडला का, हात शरीरापलीकडे गेला का. मुलाला दोन वेळा करू द्या, खूण दिसली तर १, नाही तर ०. मुलांच्या हालचाली तपासायला जगभर वापरली जाणारी टीजीएमडी ही चाचणीही, ३ ते १० वर्षांच्या मुलांसाठी, याच तत्त्वावर चालते. एका तासिकेत पाचच मुलं पाहा, आठ तासिकांत वर्ग पूर्ण होतो. उडी आणि धावणं बाजूने पाहा, झेल समोरून. अर्ध्याहून अधिक वर्गाला एकाच खुणेत शून्य मिळालं, तर ती खूण अजून शिकवायची राहिली आहे, पुढची तासिका तिची.

काही मुलांच्या बाबतीत सराव वाढवण्याआधी डॉक्टरांकडे पाठवणं योग्य. सात वर्षं पूर्ण होऊनही कोणत्याच पायावर तीन लंगड्या होत नाहीत, सपाट जमिनीवर सारखं अडखळतं, एक बाजू दुसरीपेक्षा उघड कमजोर आहे, किंवा जमिनीवरून उठताना मूल हातांनी आपल्याच मांड्यांवर जोर देत, चढत गेल्यासारखं उभं राहतं. ही शेवटची खूण स्नायूंच्या आजाराची असू शकते, तिच्याकडे दुर्लक्ष नको. पालकांना ती ‘आळस’ वाटते, तेव्हा त्यांना वर्गात बोलावून प्रत्यक्ष दाखवा. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउडी किंवा डोक्यावर भार येईल असं काही देऊ नका, मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा त्यांच्यात सैल असू शकतो. बाकी फेक, झेल, चालणं, तोल यांत ते मूल पूर्ण सहभागी होऊ शकतं. ज्याला कमी दिसतं त्याच्यासाठी मोज्याच्या चेंडूत घुंगरू शिवा. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला फेकीसाठी धडाचा पिळ शिकवा आणि खुर्चीची चाकं आधी अडवून घ्या, नाहीतर फेकीचा जोर खुर्ची मागे ढकलण्यात जातो.